ब्याण्णव ट्रॅकचं गाणं आणि आठ जागा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे दोन वर्षं घरच्या लॅपटॉपवर मराठी गाणी करताहेत आणि चाळीसेक प्रोजेक्ट अर्धवट पडलेत. सध्या अभंगाच्या ढंगाचं एक गाणं हातात आहे. त्यात ९२ ट्रॅक (वेगवेगळ्या रेकॉर्ड केलेल्या पट्ट्या) आणि ११ रिव्हर्ब (आवाजाला खोलीसारखी घुमणूक देणारे इफेक्ट) आहेत, तरी ऐकताना "नुसता चिखल" वाटतो. कुणीतरी सुचवलं की आठच ट्रॅक, तीनच प्लगइन (आवाजावर काम करणारी जोड-सॉफ्टवेअरं) असे आकडे स्वतःवर घालून घ्या. यात खरंच काही अर्थ आहे की ही नुसती टूम आहे? आणि अर्थ असेल तर आकडे कोणते?

अर्थ आहे. मी गेली बावीस वर्षं अरेंजिंग आणि मिक्सिंग करतोय, बहुतेक भक्तिगीतं आणि भावगीतं, आणि अशा आकड्यांवाचून आता मला काम सुरूच करता येत नाही. पण आकडा कुठे घालायचा हे कळलं नाही तर त्याचा जाचच होतो, तोही मी भोगलाय. त्याकडे येतोच.

आधी चिखल कशाने होतो ते बघू. तुम्ही ट्रॅक मोजताय, मी जोड्या मोजतो. हार्मोनियम एकटी छान वाजते, सिंथचा पॅड, म्हणजे मागे सलग लांबवलेला सूर, तोही एकटा छान वाजतो. दोघं एकत्र आले की २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर बसतात, आणि गायकाच्या आवाजाचं अंगही तिथेच असतं. म्हणजे प्रत्येक वाद्याचं दुसऱ्या प्रत्येक वाद्याशी काहीतरी देणंघेणं असतं आणि मिक्सिंग म्हणजे ते मिटवणं. आठ ट्रॅक असतील तर जोड्या होतात २८. ब्याण्णव असतील तर ४,१८६. दर जोडीला एकच मिनिट दिलं तरी पहिल्या गाण्याला अर्धा तास लागतो आणि दुसऱ्याला जवळजवळ सत्तर तास. तुम्ही ते सत्तर तास देत नाही, कुणीच देत नाही. म्हणून तुम्ही आळशी आहात असं नाही. गाणं अडतं ते या गणितावर.

दुसरा हिशेब पातळीचा. एकूण आवाजाची कमाल ठरलेली आहे, डिजिटलमध्ये शून्याच्या वर जाता येत नाही. शिवाय स्पॉटिफायसारखी मंडळी गाणी वाजवताना साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास सारखी करून घेतात, त्यामुळे शेवटची फाइल कितीही जोरात काढूनही फारसं हाती लागत नाही. भाकरी एकच आहे. आठ आवाज सारख्या पातळीवर वाजताहेत असं धरलं, तर प्रत्येक आवाज एकूण पातळीच्या ९ डेसिबल खाली असतो. ब्याण्णव असले तर साडेएकोणीस डेसिबल खाली. म्हणजे तुमच्या गाण्यातला पखवाज, बाकी काहीही न बिघडता, केवळ गर्दीमुळे दहा-साडेदहा डेसिबलने लहान झालाय. प्रत्यक्षात सगळं सतत आणि सारखं वाजत नाही, पण दिशा हीच. मग तुम्ही पखवाजावर कॉम्प्रेसर (पातळीतले चढउतार दाबणारा) लावता, पखवाज पुढे येतो, टाळ मागे जातात, टाळांवर ईक्यू (आवाजातले जाड-बारीक पट्टे कमी-जास्त करणारा) लावता... पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पूर्वी हे आकडे मशीनच घालून द्यायचं. बीटल्सचा १९६७ चा 'सार्जंट पेपर्स' अल्बम चार ट्रॅकच्या टेप मशीनवर झाला. चारही भरले की त्यांचं मिश्रण करून दुसऱ्या मशीनच्या एकदोन ट्रॅकवर उतरवायचं, मग उरलेल्या ट्रॅकवर पुढची वाद्यं घ्यायची. एकदा ड्रम आणि बास एकत्र उतरवले की नंतर ते वेगळे करता येत नसत आणि दर उतरवणीला टेपची सरसर वाढायची, म्हणून बॅलन्सचा निर्णय त्याच दिवशी, त्याच खोलीत घ्यावा लागे. आपल्याकडच्या सिनेमासंगीतात तर कित्येक वर्षं गायक आणि वादक एकदमच वाजवत. कोण माइकपासून किती लांब बसणार यावर निम्मं मिक्स ठरत असे.

मला यातलं सर्वांत आवडतं उदाहरण ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या १९८७ सालच्या सॅम्पलरचं, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राचं. न्यूयॉर्कच्या हिपहॉपवाल्यांचं हे लाडकं यंत्र. १२ बिट, सुमारे २६ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाची प्रत बेताचीच, आणि स्मृती एकूण दहा सेकंदांची. पूर्ण गाण्यासाठी दहा सेकंद! त्यातही एक तुकडा अडीच सेकंदांहून मोठा घेता येत नसे. मग त्या पोरांनी काय केलं, ३३च्या वेगाची तबकडी ४५च्या वेगाने फिरवून रेकॉर्ड केली आणि यंत्रात तिचा स्वर पुन्हा खाली ओढला. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल मावला. वर, ओढाताणीत आवाजाला जी खरखर आली, तीच पुढे त्या संगीताची ओळख ठरली आणि आज ती पैसे देऊन प्लगइनमध्ये विकत घ्यावी लागते.

तबकडीवरून आठवलं. आपल्या रागसंगीताला हा अनुभव त्याही आधीचा आहे. गायिका गौहर जान यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हापासून पुढची चार-पाच दशकं ७८च्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. तासभर राग मांडणारे गवई त्या साडेतीन मिनिटांत बसले. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अवकाशात गेली, तिची लांबी साडेतीन मिनिटांचीच आहे. ती ऐकताना कुणाला काही राहून गेल्यासारखं वाटत असेल असं मला वाटत नाही.

आता लॅपटॉपवर काहीच संपत नाही, ना ट्रॅक, ना टेप. मशीनने जे फुकट करून टाकलंय त्याची किंमत आपणच पुन्हा ठरवायची, एवढाच या आकड्यांचा उद्देश. म्हणून आकडा तिथेच घाला जिथे तुम्ही निर्णय पुढे ढकलता. कुणी वाद्यं वाढवत बसतो, कुणी प्रीसेट (सॉफ्टवेअरमधले तयार आवाज) ऐकत बसतो, कुणाचे गायकाचे टेकच, म्हणजे पुन्हापुन्हा घेतलेली रेकॉर्डिंगच, चाळीस असतात. तुमच्या बाबतीत वाद्यं आणि रिव्हर्ब हे दोन रोग स्पष्ट दिसताहेत.

माझी चूक इथे सांगतो. आठ-दहा वर्षांपूर्वी मी जोशात येऊन ठरवलं की यापुढे सहा ट्रॅक, त्याच्या वर एकही नाही. एका देवीच्या गाण्यात संबळ दोन माइकवर घेतला होता, एक मोठ्या पुडीला आणि एक लहान पुडीला. दोन ट्रॅक तिथेच गेले. कोरसच्या बायका चार, त्यांचे दोन. उरल्या दोन ट्रॅकमध्ये गायिका आणि हार्मोनियम. बास नाही, तुणतुणं नाही. निर्मात्याने ऐकून एवढंच म्हटलं, "दादा, हे रिकामं वाटतंय." बरोबर होतं त्यांचं. मी सॉफ्टवेअरमधल्या पट्ट्या मोजत होतो. ऐकणाऱ्याला पट्ट्या दिसत नाहीत, त्याला कोण कोण वाजतंय ते ऐकू येतं. तेव्हापासून मी ट्रॅक मोजायचं सोडलं आणि जागा मोजायला लागलो.

जागा म्हणजे एका वेळी कानाला वेगळा कळणारा एक आवाज. दोन माइकांचा पखवाज ही एक जागा. कोरस आठ जणांचा असला तरी एक जागा. व्हायोलिनच्या सॅम्पल लायब्ररीत लांब बो, छोटे बो, पिझिकाटो असे पाच ट्रॅक असतील, तरी जागा एकच. अशा आठ जागा माझ्या नेहमीच्या गाण्याला पुरतात. तुमच्या अभंगाला मी त्या अशा देईन: गायक, पखवाज, टाळ, हार्मोनियम, तानपुरा, बास, कोरस, आणि आठवी मोकळी. मोकळ्या जागेत पॅड येईल किंवा तार वाद्य, ते गाणं ठरवेल.

बासरी कुठे गेली, असं तुम्ही विचाराल. बासरी इंटरल्यूडमध्ये येते ना? तेव्हा गायक गप्प असतो. त्याची जागा रिकामी आहे, तिथे बासरी बसवा. आकडा एका वेळच्या आवाजांवर आहे, गाण्यातल्या एकूण वाद्यांवर नाही. हे मी जुन्या कॉम्प्युटर गेमांच्या संगीतावरून शिकलो. १९८२च्या कमोडोर ६४ मध्ये आवाजाची जी चिप होती, तिच्यात एका वेळी तीनच आवाज. तीनमध्ये मेलडी, बास आणि ताल टाकला की कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांना, काही उरत नाही. संगीतकारांनी कॉर्डचे तिन्ही स्वर एकाच आवाजातून इतक्या झरझर आळीपाळीने वाजवले की कानाला ती कॉर्डच वाटावी. तो थरथरणारा आवाज तुम्ही ओळखालच. सांगायचं इतकंच की एक जागा वेळेत वाटून घेता येते. मुखड्याला पॅड, पहिल्या अंतऱ्याला त्याच जागेत स्वरमंडल, दुसऱ्याला काहीच नाही. नववं काही घालावंसं वाटलं तर आठांतलं एक त्या ओळीपुरतं उठवा. दर गाण्याला एक सूट मी स्वतःला देतो, शेवटच्या मुखड्याला नववी जागा. ती वापरलीच पाहिजे असं नाही.

पॅडचा विषय निघालाच आहे तर स्वरांबद्दल. तुमच्या गाण्याची चाल भूपाच्या अंगाची आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि पॅडवर एका अ‍ॅपने सुचवलेल्या सहा-सात कॉर्ड आहेत. इथे पाचाचा आकडा घाला. भूपात सा रे ग प ध, बस. पॅडनेही याच पाचांत राहायचं. पांढरी एकचा सा धरला, तर या पाच स्वरांत पूर्ण तीन स्वरांच्या कॉर्ड दोनच बसतात: सी मेजर, म्हणजे सा ग प, आणि ए मायनर, म्हणजे ध सा ग. करून बघा, तिसरी सापडत नाही. जी मेजर घ्यावी तर नी लागतो, डी मेजरला तीव्र म, एफला शुद्ध म. बाकी हाताशी उरतात त्या सा-रे-प, रे-प-ध अशा लोंबत्या (सस्पेंडेड) कॉर्ड. दोन पक्क्या आणि चार-पाच लोंबत्या, एवढ्यात पॅड ठेवला की चालीखाली परका स्वर येत नाही आणि हार्मोनियमशी भांडणही निम्मं संपतं. तुमच्या चिखलातला बराच भाग हा मिक्सचा नसून त्या म आणि नीचा असावा अशी मला दाट शंका आहे. भावगीतात हा नियम मी पाळत नाही, तिथे रागाबाहेरची कॉर्ड हीच कित्येकदा गंमत असते. अभंगात पाळतो.

बदलांनाही आकडा घालता येतो. भजनी ठेका आठ मात्रांचा. तुमची लय मिनिटाला ९६ मात्रांची असेल तर एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचं होतं आणि चार मिनिटांच्या गाण्यात ४८ आवर्तनं बसतात. मी ठरवतो की काहीही नवं यायचं किंवा जायचं ते चार आवर्तनांच्या सीमेवरच. म्हणजे अख्ख्या गाण्यात अरेंजमेंट हलवायला बाराच संधी. कागदावर बारा चौकोन आखतो आणि प्रत्येकात कोण वाजतंय ते लिहितो. हे काम लॅपटॉप उघडायच्या आधीचं. पंधरा मिनिटं लागतात आणि नंतरचे तीन दिवस वाचतात. चौकोन भरताना दोन शेजारचे चौकोन हुबेहूब सारखे आले तर मी एकातून काहीतरी खोडतो, भर कधी घालत नाही.

प्लगइनबद्दल फार लिहायची गरज नाही. जागेला तीन. त्यातला एक ईक्यू, एक कॉम्प्रेसर, तिसरा तुमच्या आवडीचा. चौथा लावावासा वाटला तर बहुतेक वेळा पहिल्या तिनांतला एक चुकलेला असतो. फक्त प्लगइन तपासताना पातळी सारखी करून ऐका. एक-दोन डेसिबलने मोठा झालेला आवाज कानाला चांगलाच वाटतो, आणि बरेचसे प्लगइन चालू करताच पातळी थोडी वाढवतात. आपण फसतो ते तिथे. प्रीसेटचंही तेच. मी सात प्रीसेट ऐकतो, त्यांतला एक घेतो. आठवा ऐकेपर्यंत पहिल्याचा आवाज मला आठवत नाही, मग तुलना कसली करायची?

रिव्हर्ब मात्र एक. सेंडवर, म्हणजे सगळ्यांना मिळून लावलेल्या सामाईक वाटेवर, एकच रिव्हर्ब, सगळ्या जागांनी त्यातूनच घ्यायचं, कुणी कमी कुणी जास्त. गायक देवळात, पखवाज मोठ्या सभागृहात आणि टाळ न्हाणीघरात असं झालं की मंडळी एकत्र भजनाला बसलीत असं वाटतच नाही. तुमच्याकडे अकरा वेगवेगळ्या खोल्या आहेत. अकरांच्या शेपट्या एकमेकांवर पडून जो धूर होतो, तो ईक्यूने कापून जात नाही. फार तर एक डिले (प्रतिध्वनी) गायकासाठी ठेवा.

टेकचा आकडा: पाच. सहावा टेक घ्यावा लागला तर अडचण टेकची नसते. पट्टी चुकलेली असते, नाहीतर गायकाला शब्द समजलेले नसतात. हेडफोनमध्ये तानपुरा ऐकू येत नसेल तर तेही बघा. थांबा, चहा प्या, पट्टी अर्ध्या स्वराने उतरवून बघा. पाचांतून ओळी निवडायचं काम त्याच बैठकीत, गायक समोर असताना करायचं. "नंतर बघू" म्हणून ठेवलेले टेक पुढे कुणीही बघत नाही.

काही ठिकाणी आकडा घालू नका. मूळ रेकॉर्डिंग २४ बिटवरच करा. जुना खरखरीत आवाज हवा म्हणून इनपुटच बिघडवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, खरखर नंतर आणता येते. बॅकअपला आकडा नाही. ढोलताशा पथकाचं किंवा दिंडीचं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग असेल तर जितके माइक मिळतील तितके लावा, तिथे पुन्हा संधी नसते. सिनेमाचं पार्श्वसंगीत देताना वेगवेगळे स्टेम (वाद्यगटांच्या वेगळ्या फाइली) मागतात, तिथे त्यांची मागणी चालते, तुमचा नियम नाही. आणि दुसऱ्याचं गाणं मिक्स करत असाल तर त्याला न विचारता त्याची वाद्यं बंद करू नका. मी एकदा केलं आहे. तो अरेंजर अजून माझा फोन उचलत नाही.

आता तुमचं ब्याण्णव ट्रॅकचं गाणं. ती फाइल आहे तशी सेव्ह करा, नावात आजची तारीख टाका आणि तिची प्रत काढून फक्त प्रतीवर काम करा. सगळे ट्रॅक म्यूट करा. आधी गायक एकटा ऐका, पूर्ण गाणं, मध्ये न थांबता. मग पखवाज उघडा, मग टाळ. दर वेळी फक्त फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवायचा, प्लगइनच्या खिडक्या उघडायच्या नाहीत. एकेक जागा उघडत जा आणि गाणं स्वतःच्या पायावर उभं राहिलं की थांबा. माझा अंदाज आहे की तुम्ही पाच-सहावर थांबाल. जे म्यूट राहिले त्यांच्यातून फार तर दोन जागा भरा.

मग प्रत्येक जागा एकेका ऑडिओ फाइलमध्ये उतरवून काढा. पखवाजाचे दोन माइक आणि त्यावरचा ईक्यू मिळून एक फाइल, कोरसची एक फाइल, असं. या आठ फाइली कोऱ्या नव्या प्रोजेक्टमध्ये आणा आणि मिक्स तिथे करा. चार ट्रॅकवाल्यांची उतरवणी ती हीच, फक्त आपल्याला सरसर वाढण्याची भीती नाही आणि जुनी फाइल कपाटात शाबूत आहे. जुन्या फाइलकडे परत जायचं फक्त एका कारणासाठी, एखादा स्वर किंवा शब्द चुकला असेल तर. "पखवाज जरा वेगळा हवा होता" हे कारण नाही. लॅपटॉपलाही आराम पडतो, कारण आठ ऑडिओ फाइली जुनं मशीनसुद्धा सहज वाजवतं.

मिक्सच्या आवृत्त्या तीन. पहिली तुमची. एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी कमी आवाजात ऐकून दुसरी करा. तिसरी गायकाच्या किंवा निर्मात्याच्या सूचनांची. माझ्या जुन्या डिस्कवर 'फायनल', 'फायनल नवं', 'फायनल खरं' आणि 'हेच पाठव' अशा चार फाइली एकाच गाण्याच्या आहेत. त्यांतली प्रसिद्ध झालेली कोणती, ते मलाही ऐकून सांगता येत नाही.

बाकीच्या चाळीस अर्धवट प्रोजेक्टना आत्ता हात लावू नका. हे एक गाणं आठ जागांत आणि तीन आवृत्त्यांत संपवा, मग उरलेल्यांतली कुठली तीन पुढे न्यायची ते ठरवा. आज रात्री प्रत उघडाल तेव्हा सुरुवात त्या अकरा रिव्हर्बपासून करा. दहा काढून टाका आणि काहीही आणखी न करता गाणं एकदा ऐका.